तुघलकाचा दात आणि बीडचा ‘ड’

१/ ज्या कथेला लेखी आधार नाही आणि जी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जात राहते, तिला मराठीत ‘दंतकथा’ म्हणतात. बीड परिसरात मात्र अशी एक दंतकथा आहे जिच्यात खरोखरीच एक दात आहे, आणि तोही दिल्लीच्या सुलतानाचा. बीडच्या नावाविषयी जे जे सांगितले जाते, त्याची उलटतपासणी या दातापासून सुरू करणे सोयीचे आहे.

२/ चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलक दख्खनेत असता त्याचा तळ बीडजवळ पडला आणि तेथेच त्याचा दातही पडला. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, सुलतानाने तो दात समारंभपूर्वक पुरविला आणि त्यावर कबर बांधविली. करझणी गावाजवळच्या टेकडीवर ती कबर आजही दाखवितात. ज्याच्या नावाने मराठीत ‘तुघलकी कारभार’ हा वाक्प्रचार रूढ झाला, त्याला ही गोष्ट शोभूनही दिसते.

३/ याच सुलतानाला गावाच्या नावाचेही श्रेय दिले जाते. कथा अशी: तुघलकाने येथे विहिरी खोदविल्या, पाणी लागले, आणि अरबीत विहिरीला जो शब्द आहे तोच त्याने गावाला दिला. तो शब्द म्हणजे ‘बिअ्र’, ढोबळ उच्चार ‘बीर’. ‘बीर’चे पुढे ‘बीड’ झाले. कथा सुटसुटीत आहे, सांगायला सोपी आहे, आणि दुष्काळी मुलुखाचे नावच पाण्यावरून पडले असावे, ही कल्पना कोणालाही आवडावी अशी आहे.

४/ या व्युत्पत्तीला दोन टेकू मिळतात. एक, इस्राएलमधील बीरशेबा हे प्राचीन गाव: त्याच्या नावातील ‘बीर’ म्हणजे हिब्रूतील विहीर, अरबी शब्दाचे सख्खे भावंड. दुसरा, बीडजवळची प्रसिद्ध खजाना विहीर. पण ही विहीर निजामशाहीच्या काळातील, म्हणजे सोळाव्या शतकातली. तुघलकानंतर दोनशे वर्षांनी खोदलेल्या विहिरीने तुघलकाच्या काळच्या नावाची साक्ष द्यावी, हे साक्षीदाराने जन्मापूर्वीची घटना सांगण्यासारखे आहे.

५/ दुसरी व्युत्पत्ती अस्सल मराठी वळणाची. बालाघाटच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, बिंदुसरेच्या काठी, खोलगट जागी वसलेले गाव दुरून बिळासारखे दिसते, म्हणून ‘बीळ’, आणि ‘बीळ’चे ‘बीड’. मांजरसुंब्याचा घाट उतरून गावाकडे येणाऱ्या माणसाला हे वर्णन क्षणभर पटतेही.

६/ तिसरी परंपरा पुराणांच्या अंगाने जाते. तिच्यानुसार पांडवांच्या काळी हे गाव दुर्गावती होते, मग बलनी झाले, आणि पुढे विक्रमादित्याची बहीण चंपावती हिने ते जिंकल्यावर चंपावती नगर झाले. यातले शेवटचे नाव अद्याप जिवंत आहे. शहरातील शाळा आणि संस्थांच्या पाट्यांवर ‘चंपावती’ सहज भेटते.

७/ सुलतानाची विहीर, डोंगराखालचे बीळ आणि राजकन्येचे नगर. तिन्ही कथा गोड आहेत, आणि तिन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. निवाडा करायचा तर बाहेरचा साक्षीदार शोधावा लागत नाही. तो नावातच बसलेला आहे: शेवटचे अक्षर, ‘ड’.

८/ मराठीत ‘ड’ लिहिताना एक असला तरी बोलताना दोन आहेत. ‘डबा’, ‘डोंगर’ या शब्दांत जीभ टाळूला टेकून सुटते. ‘झाड’, ‘गाडी’, ‘घोडा’ या शब्दांत ती टाळूला केवळ फटकारा मारून खाली येते. ‘बीड’मधला ‘ड’ या दुसऱ्या जातीचा. मराठी माणूस हा भेद न शिकता पाळतो आणि लिहिताना त्याची पर्वा करीत नाही, कारण शब्दातील जागेवरूनच उच्चार ठरतो.

९/ इतर लिप्यांना मात्र हा फटकारा टिपण्यासाठी काहीतरी करावे लागते. हिंदी ‘ड’खाली नुक्ता देऊन ‘ड़’ लिहिते. उर्दू ‘रे’ या अक्षराच्या डोक्यावर इवलासा ‘तोय’ बसवून नवे अक्षर करते. फारसीत आणि अरबीत हा ध्वनीच नाही, त्यामुळे अक्षरही नाही. इंग्रजीचीही तीच गत. ज्यांच्याकडे हे अक्षर नाही ते जवळचे अक्षर उचलतात, आणि ते बहुतेक वेळा ‘र’ असते.

१०/ याचा सर्वांत ठळक दाखला शेजारच्या प्रांताचा आहे. मराठी ‘वऱ्हाड’ फारसी दप्तरांत ‘बरार’ झाले आणि इंग्रजांनी तेच ‘बेरार’ म्हणून स्वीकारले. ‘व’चा ‘ब’ झाला आणि ‘ड’चा ‘र’. लग्नाच्या वऱ्हाडाशी ज्याची गंमतीने सांगड घालता येत असे, ते नाव परक्या कागदावर कशाशीच सांगड न बसणारे झाले.

११/ बीडचेही तसेच झाले. १९०८ साली निघालेल्या इम्पीरियल गॅझेटियरच्या खंडात जिल्ह्याचे नाव ‘बी, एच, आय, आर’ असे छापले आहे, म्हणजे वाचायचे झाले तर ‘भीर’. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर, १९६९ साली निघालेल्या जिल्हा गॅझेटियरच्या मुखपृष्ठावरही हेच स्पेलिंग आहे. आज रूढ असलेले ‘बी’ आणि दोन ‘ई’ वाले रूप इंग्रजी वाचकाला मण्याची आठवण करून देते. एकाच गावाने रोमन लिपीत इतके वेष पालटले.

१२/ या ‘भीर’ने नकळत शब्दखेळ उभा केला. हिंदी वाचकाने त्याच अक्षरांतून ‘भीड़’ वाचले तर अर्थ गर्दी. मराठी वाचकाने ‘भीड’ वाचले तर अर्थ संकोच, म्हणजे जिला म्हणीने भिकेची बहीण ठरविले आहे ती. ‘बीर’ वाचणाऱ्या हिंदी वाचकाला शूर पुरुष आठवतो, अरबी जाणणाऱ्याला विहीर. गाव एकच, कागद कोणाच्या हाती पडतो त्यावर त्याचे गर्दीत, संकोचात, शौर्यात किंवा पाण्यात रूपांतर होते.

१३/ आता विहिरीची कथा या अक्षरावर घासून पाहावी. अरबी-फारसीतून मराठीत आलेल्या शब्दांतला ‘र’ मराठीने मुकाट्याने ‘र’च ठेवला आहे: खबर, नजर, शहर, बंदर, कबर. ‘खबड’ किंवा ‘शहड’ कोणी म्हटले नाही. मग एकट्या ‘बीर’चे ‘बीड’ का व्हावे? शिवाय दख्खनी उर्दू बोलणारे बीडकरही गावाचे नाव फटकाऱ्याच्या ‘ड़’नेच उच्चारतात. अरबी शब्द अरबी ‘र’ सोडून त्यांच्या तोंडी असा रुळला असेल, हे संभवत नाही.

१४/ प्रवास उलट दिशेचा दिसतो. गावकऱ्यांच्या तोंडी ‘बीड’ होते, फारसी लिहिणाऱ्यांनी जवळचे अक्षर म्हणून ‘बीर’ लिहिले, आणि अरबी जाणणाऱ्या कोणा वाचकाला त्या लेखनात विहीर दिसली. म्हणजे कथेतील पाणी जमिनीतून नव्हे, लिपीतून लागले. वऱ्हाड-बरारचा दाखला समोर असता हा उलगडा अधिक सरळ आहे.

१५/ बिळाच्या कथेलाही हीच कसोटी. ‘ड’ आणि ‘ळ’ यांचे नाते जुने आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ‘ईड्’ धातूचे रूप ‘ळ’ने येते. संस्कृत ‘गुड’चा मराठीत ‘गूळ’ झाला, ‘तडाग’चे ‘तळे’, ‘षोडश’चे ‘सोळा’. पण या सर्व उदाहरणांत ओघ ‘ड’कडून ‘ळ’कडे आहे. ‘बीळ’चे ‘बीड’ व्हायचे तर पाणी चढणीला लागले पाहिजे. ज्या भाषेने ‘बीळ’ हा शब्द आजही जसाच्या तसा वापरात ठेवला, तिने गावाच्या नावात तेवढा तो उलटा फिरवावा, याला कारण दिसत नाही.

१६/ चंपावतीला ध्वनीची कसोटी लावताच येत नाही, कारण त्या नावाचा ‘बीड’शी ध्वनीचा संबंधच नाही. ते गावाचे मूळ सांगत नाही. गावाने स्वतःला कोणत्या वेषात पाहू इच्छिले ते सांगते. त्या दृष्टीने ते नाव मोलाचे आहे, फक्त व्युत्पत्तीच्या रांगेत ते चुकून उभे केले गेले आहे.

१७/ चौथ्या ‘बीड’कडे मात्र कोणी वळत नाही, आणि तो तर रोज चुलीवर असतो. मराठीत ओतीव लोखंडालाही ‘बीड’ म्हणतात. गंमत विभक्तीत आहे. धातूचा तवा तो ‘बिडाचा’, गावचा तवा तो ‘बीडचा’. सामान्य नामाला प्रत्यय लागताना इकार ऱ्हस्व होतो आणि मध्ये ‘आ’ येतो. विशेषनाम अंगाला हात लावू देत नाही. बीडच्या बाजारात घेतलेला बिडाचा तवा ‘बीडचा बिडाचा तवा’ होतो, आणि मराठी वाचकाला त्यात क्षणभरही घोटाळा वाटत नाही. गावाचे नाव या धातूवरून पडले, असे सुदैवाने अजून कोणी ठरविलेले नाही.

१८/ या सर्वाला खेळ म्हणून सोडून देण्यास हरकत नव्हती. अडचण तेव्हा येते जेव्हा खेळातला एक डाव निकालपत्र म्हणून फिरू लागतो. विहिरीची कथा पसंत असलेले गावाचा जन्म सुलतानाच्या हाती देतात; चंपावती पसंत असलेले सुलतानाला नावाच्या बाहेर काढतात. दोघेही व्युत्पत्तीच्या नावाखाली मालकीचा दावा सांगत असतात. ‘ड’ या अक्षराला धर्म नाही. ते जिभेच्या एका फटकाऱ्याचे नाव आहे, आणि तो फटकारा बीडमध्ये मोहल्ल्यापासून मळ्यापर्यंत सारखाच ऐकू येतो.

१९/ वाचनावरून मानाचे दावे ठरण्याचा दुसरा प्रसंगही याच जिल्ह्यातला. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने मराठीतील आद्य ग्रंथ मानला जातो. त्याचा काळ शके १११०, म्हणजे इ.स. ११८८, असा सांगतात. तो लिहिला गेला ते ठिकाण कोणते? अंबेजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. विदर्भाचा कौल वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याला. दोन्ही गावांच्या नावांत ‘अंबा’चा नाद असल्यामुळे पोथीतील स्थळनाम कसे वाचावे यावर अभ्यासकांत पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. मराठीच्या जन्मगावाचा मान एका नावाच्या वाचनावर अडून राहिला.

२०/ जुन्या कागदांत अशा अडचणी पावलोपावली होत्या. मोडी लिपीत विरामचिन्हे नव्हती, शब्द तोडून लिहिण्याची सक्ती नव्हती, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नसे. त्यामुळे ‘सुत’ म्हणजे मुलगा की ‘सूत’ म्हणजे धागा, ‘दिन’ म्हणजे दिवस की ‘दीन’ म्हणजे गरीब, हे अक्षराने नव्हे तर संदर्भाने ठरे. पूर्णविराम, स्वल्पविराम ही मंडळी मराठीत रुजली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीने.

२१/ जी एक-दोन चिन्हे होती, त्यांनी चार-चार कामे अंगावर घेतली होती. दोन उभ्या रेघांचेच पाहावे. ओवी संपली की ‘॥’. ‘मौजे’ हा शब्द आटोपता घ्यायचा तर ‘मौ॥’. आणि हिशेबात ‘५॥’ म्हणजे साडेपाच. त्याच दोन रेघा कवीच्या हाती समाप्ती, कारकुनाच्या हाती संक्षेप आणि सावकाराच्या हाती अर्धा रुपया. कोणत्या कागदावर कोणता अर्थ, हे वाचणाऱ्याला ठाऊक असे. आता ठाऊक असणारे थोडे उरले.

२२/ एका अक्षराने घात होतो, हे मराठी समाजाला अपरिचित नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ केल्याची कथा घरोघर पोचली. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार त्यातून आला. पुराव्यापेक्षा लोकस्मृतीच्या बळावर ही कथा अधिक जगली. तरी तिचा टिकाव सांगतो की, कागदावरच्या अक्षराची भीती या भाषेच्या अंगात किती खोल भिनलेली आहे.

२३/ ती भीती आज बीडमध्ये नव्या रूपाने समोर आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. गावपातळीवरचे कितीतरी कागद मोडीत आहेत. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाची भूमिका बरोबर, हा येथला विषय नाही. विषय हा की, एका कुटुंबाचे भवितव्य एका शब्दाच्या वाचनावर येऊन ठेपले आणि तो शब्द वाचू शकणारी माणसे शोधत फिरावे लागले.

२४/ तो शब्द कसा आहे पाहावे. उर्दूत ‘कुणबी’ आणि ‘कुन्बा’, म्हणजे कुटुंब, हे दोन शब्द लिहिताना जवळजवळ सारखे आहेत. शेवटचे अक्षर काय ते वेगळे. शिकस्ता या घसटीच्या लेखनात नुक्ते गळतात, अक्षरे एकमेकांत शिरतात, आणि ते शेवटचे अक्षर अंदाजाने वाचावे लागते. याहून मोठी गंमत व्युत्पत्तीत आहे. ‘कुन्बा’ संस्कृत ‘कुटुंब’पासून आला आणि ‘कुणबी’ ‘कुटुंबिन्’पासून. दोन शब्द एकाच घरातले आहेत, म्हणून तर चेहरे इतके मिळतात.

२५/ देवनागरी कागदही निर्धोक नाहीत. ‘कु.’ असे लिहिले असेल तर ते कुणबी, कुमार की कुमारी? उत्तर त्या टिंबात नाही. रकान्याचे शीर्षक, शेजारच्या नोंदी, त्याच कारकुनाने इतर पानांवर केलेले संक्षेप, यांत आहे. जातीच्या रकान्यातला ‘कु.’ आणि नावाआधीचा ‘कु.’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फक्त टिंब पाहून जो होय म्हणतो आणि फक्त टिंब पाहून जो नाही म्हणतो, दोघेही वाचत नसतात. दोघांनीही उत्तर घरूनच आणलेले असते.

२६/ बीडच्या नावाचा खेळ आणि दप्तरांतला हा प्रश्न यांचे नाते येथे आहे. ‘बीर’ लिहिलेले पाहून ज्याला लगेच विहीर दिसते, त्याला दप्तरातही हवे तेच दिसेल. आणि ज्याला फारसी लिपीत ‘ड’ नाही एवढे ठाऊक आहे, तो घाई करणार नाही. लिपी कोणती, लिहिणारा कोण, त्याच्यापाशी कोणती अक्षरे होती आणि कोणती नव्हती, हे आधी विचारण्याची सवय म्हणजेच वाचनविद्या. ती गंमतीच्या गोष्टींवर शिकता येते. फार महाग पडणाऱ्या गोष्टींवर ती प्रथमच शिकू नये.

२७/ म्हणून मोडी आणि जुन्या उर्दूचे वाचन हा हौशी मंडळींचा छंद राहता कामा नये. मराठवाड्यातील प्रत्येक जिल्ह्यात निजामकालीन कागद आहेत. प्रत्येक जिल्ह्यातील एखाद्या तरी महाविद्यालयात ते वाचायला शिकविण्याची कायमची सोय असली पाहिजे. निकड उभी राहिली की जाणकारांची शोधाशोध आणि निकड सरली की विसर, या पद्धतीने कागद टिकतात पण वाचक संपतात. वाचक नसलेला कागद कोणीही काहीही म्हणून दाखवावा, इतका असहाय असतो.

२८/ दंतकथा मात्र टाकून देऊ नयेत. विहिरीची कथा बीडचे मूळ सांगत नसली तरी या मुलुखाला पाण्याची किती आस होती ते सांगते. चंपावती शहराचा अभिमान सांगते, बीळ भूगोल सांगते. त्यांच्याखाली ‘अशी समजूत आहे’ एवढे तीन शब्द असावेत, म्हणजे पुरे. आणि कोणी ठामपणे विचारलेच की, मग बीडच्या पोटात तुघलकाचे नेमके काय राहिले, तर उत्तर सोपे आहे: नाव नव्हे, फार तर एक दात.